पहिल्या वेताची मादी

गौरी गेल्या की मला धास्ती लागते. तसं घाबरण्यासारखं काहीच नसतं. तेरड्याची फुलं कोमेजून परसात पडलेली असतात. पाऊस थांबून थांबून पडतो आणि मधल्या उन्हाचा चटका अंगावर चिकटून राहतो. ओल्या भुईमुगाच्या शेंगा दारावर येतात, घरोघरी त्या मीठ घालून उकडल्या जातात आणि सगळ्या आळीला मातकट गोडसर वास सुटतो. अशात कुठूनतरी, दोन आळ्या पलीकडून, कुत्र्यांचं भांडण ऐकू येतं. भाद्रपदातलं भांडण. लोक हसतात, कुणी दगड भिरकावतं, लेकीबाळी बरोबर असल्या तर ऐकलंच नाही असं दाखवून माणसं पुढं सरकतात. माझं मात्र हातातलं काम थांबतं. चाळीस वर्षं उलटून गेली तरी थांबतं.

यंदा त्यात शुभानं भर घातली. शुभा म्हणजे आमच्या शेजारची सून. तिच्याकडं पिंकी नावाची पांढरी पामेरियन कुत्री आहे. घरात ती सगळ्यांची लाडकी आणि दाराबाहेर सगळ्यांवर गुरगुरणारी. परवा शुभा माझ्याबरोबर शेंगा निवडत बसली होती. मध्येच म्हणाली, "काकू, सगळे म्हणतात एकदा तरी पिल्लं होऊ द्या तिला. पण एवढीशी आहे हो ती. काही झालं म्हणजे? तुम्ही सांगा ना, काय करू?"

मी म्हटलं, "विचार करून सांगते." आणि तिला चहासुद्धा न विचारता आत निघून गेले. अशी मी कधी वागत नाही. शुभाला वाटलं असेल, काकूंना असलं बोलणं आवडलं नाही. तसं नव्हतं. आयुष्यात हा निर्णय मी एकदाच घेतला होता, आणि तो कसा घेतला हे तोवर कुणाला सांगितलेलं नव्हतं.

तेव्हा आम्ही मलकापुरात राहत होतो. आज मलकापूर कुठं संपतं आणि कराड कुठं सुरू होतं ते कळत नाही, पण त्या वेळी मधे शेतं होती आणि आमच्या परसदारातून थेट जोंधळ्यात पाय पडायचा. घरात माणसं दोनच, आत्याबाई आणि मी. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. हे दुसऱ्या महायुद्धात लढाईवर गेलेले. कुठं, ते ठाऊक नाही. यांच्या पत्त्यात गावाचं नावच नसायचं, नुसते आकडे असायचे. त्या आकड्यांना मी पत्रं लिहायची. सातवीपर्यंत शिकलेली म्हणून आळीतल्या चार बायकांचीही मीच लिहायची, त्यामुळं आपल्या काळजीबरोबर दुसऱ्यांच्या काळज्याही मला तोंडपाठ होत्या.

आणि तिसरी हरणी. पिकल्या गव्हाच्या रंगाची, लांब तोंडाची कारवानी कुत्री. पाय काठीसारखे, कंबर माझ्या दोन वितींत मावेल एवढी. येणारीजाणारी बाई हटकून विचारायची, "हिला खायला घालत न्हाई व्हय?" आत्याबाईंना याचा भारी राग. "जातच तशी हाय तिची, घोड्यागत! तुमच्या घरात बी हायतच की वाळकी," असं त्या ठणकावून सांगायच्या. हरणी दिवसभर सोप्यात पडून असायची. पण जोंधळ्यात ससा उठला की ती उंबऱ्यावरून सुटायची आणि तिचे पाय जमिनीला लागताना दिसायचे नाहीत.

ती आमच्याकडं आली ती तासगावाकडून. लढाईवर जाण्याआधी बैल बघायला हे तिकडं गेले होते. द्राक्षं तेव्हा तिकडं आली नव्हती, भुईमूग आणि हळदीचा मुलूख. तिथं आदगोंडा आण्णा नावाचे एक जैन शेतकरी होते. घरात मुंगी मारायची नाही, सूर्य मावळल्यावर घास खायचा नाही, आणि दारात मात्र जतकडची शिकारी जात! रानडुकरं भुईमूग उकरतात, त्यांना हुसकायला आण्णा ही कुत्री पाळायचे. कुत्रं डुकराला पळवून लावायचं आणि मारायच्या आत आण्णांची शीळ ऐकून माघारी यायचं. एवढं त्यांनी शिकवलेलं. हे तिकडं गेले त्याच महिन्यात आण्णांची कुत्री विताना मेली होती. दोन दिवस अडली. पाचांतलं एकच पिल्लू जगलं. आण्णांनी त्याला शेळीच्या दुधात वात बुडवून बुडवून वाढवलं आणि यांच्या हवाली केलं.

"हिच्याकडं बगितलं की हिची आई डोळ्यांम्होरं येती," आण्णा म्हणाले होते म्हणे. "तुमी न्या. पर आमच्यात पिल्लू इकत न्हाईत, शब्दावर देत्यात. पैल्या वेताची एक मादी माघारी आणून द्याची. वंश तुटाय नको."

यांनी शब्द दिला. सहा महिन्यांत भरती झाले. निघायच्या दिवशी स्टेशनवर उभ्या उभ्या मला कामं सांगत होते. म्हशीचं, बांधाचं, आत्याबाईंच्या खोकल्याचं. गाडीनं शिटी दिल्यावर म्हणाले, "आण्णांचा शब्द तेवढा राहिलाय. आलो की बघू." गाडी हलली. माणूस जाताना शेवटचं काय बोलला ते बाई कधी विसरत नाही. मी तर तेवढंच घेऊन घरी आले.

हरणीचे आधीचे दोन माज आम्ही तिला बांधून काढले होते. त्या वर्षी गौरी बोळवून आले आणि सकाळीच सारवलेल्या जमिनीवर लाल ठिपके दिसले. हरणी कोपऱ्यात स्वतःला चाटत बसली होती. त्याच दुपारी मी यांना पत्र लिहिलं. काय करू, ते कळवा. पत्र टपालात टाकून माघारी येताना लक्षात आलं की उत्तर यायला दीड महिना लागणार आणि आण्णांच्या सांगण्याप्रमाणं दिवस होते नवव्यापासून पंधराव्यापर्यंत. म्हणजे विचारायचं कुणाला हे ठाऊक असून विचारता येत नव्हतं. तरण्या सुनेनं असली गोष्ट दुसऱ्या कुणाला विचारायची तर आधी पदर दातांत धरावा लागला असता.

तो आठवडा मला अजून दिवसागणिक आठवतो. बाहेर गावातली सगळी कुत्री दाराशी येऊन बसलेली. त्यांत एक पिवळं, गोल शेपटीचं, अर्धा कान फाटलेलं. ते पावसातही हललं नाही. आत हरणी खुंट्याला. ती ओढ घ्यायची, मग दमून माझ्याकडं बघायची. मी तिच्या कंबरेला वीत लावायची. दोन वितींना थोडी कमी. परत लावायची. जणू रोज मोजल्यानं ती रुंद होणार होती! हिची आई हिच्यासारखीच असणार, ती दोन दिवस अडली, आणि आण्णांसारखा जाणता माणूस जवळ असून अडली. इथं कोण होतं? मी, जिनं उभ्या आयुष्यात मांजर व्यालेलं पाहिलं नव्हतं.

आत्याबाईंचं मत रोज बदलायचं. "मुक्या जनावराला बी एकदा कूस उजवावी वाटतीच की," असं त्या सकाळी म्हणायच्या. संध्याकाळी म्हणायच्या, "पर पितरपाट लागलाय गं. पितरपाटात काय चांगलं करत न्हाईत." मी म्हटलं, "आत्याबाई, हरणीला पंचांग कळत नाही." त्यावर त्या म्हणाल्या, "तिला न्हाई कळत, पर आपल्याला कळतं न्हवं?"

आठव्या दिवशी मी ठरवलं, नाही. नको. हे येतील, आण्णांचे पाय धरतील, काय ते करतील. हरणीचा जीव मी धोक्यात घालणार नाही. आत्याबाईंना तसं सांगितलंही. त्या "बरं" म्हणाल्या. त्या दिवशी मला कितीतरी दिवसांनी भाकरी गोड लागली.

नवव्या दिवशी सकाळी पोस्टमन आमच्या आळीत आला. सायकल हातात धरून चालत आला, तेव्हाच बायकांनी ओळखलं. पत्र असलं की तो लांबूनच नावानं हाक मारायचा. हाक मारली नाही म्हणजे तार. आमच्या दारावरून तो खाली बघत पुढं गेला. मी सोप्यात उभी होते. तो पुढं गेला याचा मला आनंद झाला, हे लिहायला आजही लाज वाटते. चार घरं सोडून तो थांबला आणि मग त्या घरातून जो आवाज आला तो मी सांगत नाही. आत्याबाई तशाच पदर सावरत धावल्या. त्या घरची पत्रं मीच लिहायची. मुलगा माघारी आल्यावर विहिरीला कठडा बांधणार होता. तेवढा राहिला होता.

मी हरणीजवळ खाली बसले. "आण्णांचा शब्द तेवढा राहिलाय." स्टेशन, शिटी, सगळं पुन्हा कानात. आणि माझ्या मनात जे आलं ते मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. मला वाटलं, या माणसाच्या नावावर काही राहायला नको. दिलेला शब्द राहिला तर तो शब्द त्याला ओढून नेईल. फेडून टाकावा. त्यात हरणीचं काही बरंवाईट झालं तर होऊ दे. एक जीव घे आणि एक ठेव, असं मी कुणाला म्हटलं ते मला माहीत नाही. देवाचं नाव घेतलं नव्हतं. देवाचं नाव घ्यायचा धीर नव्हता. हरणी माझा हात चाटत होती.

दुपारी आत्याबाई रडून रडून थकून आल्या. मी म्हटलं, "उद्या हरणीला तासगावाकडं न्यायची." कालचं 'नाही' आज 'हो' कसं झालं, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनाही कळलं असावं. किंवा त्यांच्याही मनात तेच आलं असावं. आम्ही दोघी त्यावर कधी बोललो नाही.

दोन बाया आणि एक माजावरची कुत्री रेल्वेनं निघालेली बघायला स्टेशनवर ही गर्दी. गार्डाच्या डब्यात कुत्र्यांची पेटी असते, तिच्यात हरणीला घालायचं होतं. गार्डानं लांबूनच विचारलं, "बाई, चावते का?" आत्याबाई म्हणाल्या, "ती न्हाई चावत. मी चावते." सगळे हसले. मीही हसले, आणि मग खिडकीशी बसून भिलवडी येईपर्यंत पदर डोळ्यांना लावून बसले. पेटीतून तिचा आवाज येत नव्हता. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

आण्णा म्हातारे दिसत होते. त्यांनी हरणीच्या पाठीवरून, बरगड्यांवरून, कंबरेवरून हात फिरवला. तो हात कंबरेवर थांबला.

"पोरी," ते म्हणाले, "हिची आई अशीच हुती. अशीच बारीक. मी शब्द घेतला तवा माजं डोकं ठिकाणावर न्हवतं. आजून बी इचार कर. माघारी न्यायची तर ने. मी वाईट मानणार न्हाई."

दार उघडं होतं. मला नुसतं उठून चालू लागायचं होतं. मी म्हटलं, "न्हाई आण्णा. त्यांचा शब्द हाय. पुरा करायचा."

"शाबास," आण्णा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले. शब्दाला जागणारी पोर म्हणून त्यांनी दिवस मावळायच्या आत मला स्वतःच्या हातानं जेवायला वाढलं. तो घास घशाखाली उतरवताना मला माझीच शिसारी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णांनी आपला कुत्रा अंगणात सोडला आणि आम्ही बायका तिकडं पाठ करून माजघरात हळद निवडत बसलो. थोड्या वेळानं आण्णा दारात येऊन म्हणाले, "झालं." एवढंच.

आणि एवढं करून आम्ही घरी येऊन घोटाळा केला. उभा जन्म म्हशींत काढलेल्या आत्याबाईंचा हिशेब म्हशीचा. म्हैस एकदा फळली की रेड्याकडं ढुंकून बघत नाही. "आता सोड तिला," त्या म्हणाल्या. "कुलूप लागलं. किती दिस बांधून ठेवायची बिचारीला?" मलाही ते पटलं. मी साखळी काढली. दुपारी धुणं वाळत घालायला परसात गेले तर गंजीमागं हरणी, आणि तिच्याबरोबर ते पिवळं, फाटक्या कानाचं! आठ दिवस पावसात बसल्याचं त्याला फळ मिळालं होतं. मी ओरडले. आत्याबाई बाहेर आल्या, बघितलं, आणि सूर्याला नमस्कार केल्यासारखे दोन्ही हात कपाळाला लावले. "काय न्हाई हुत," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. पण त्यांचा आवाज कुलपाइतका पक्का नव्हता.

मग सुरू झाले ते मोजणीचे दिवस. नऊ आठवडे. मी एका डब्यात त्रेसष्ट चिंचोके घातले आणि रोज सकाळी एक काढून चुलीत टाकायची. शेंगा निघाल्या, दसरा गेला, जोंधळा पोटरीला आला. हरणीच्या वितीत फरक पडू लागला. आधी दोन, मग अडीच. दुसरं कुणी त्याला बाळसं म्हटलं असतं. मला प्रत्येक बोटाबरोबर ती दोन दिवस अडलेली कुत्री दिसायची. पोस्टमन आळीत आला की मी आधी त्याच्या तोंडाकडं आणि मग हरणीच्या पोटाकडं बघायची. दोन्ही काळज्या एकाच दाव्याला मीच बांधल्या होत्या.

वसुबारसेच्या दिवशी पोस्टमननं लांबून हाक मारली. यांचं पत्र. आत्याबाई दारातल्या गाय-वासराला ओवाळत होत्या. मी पत्र फोडून उभ्या उभ्या वाचलं. चार ओळी खुशालीच्या आणि मग हे: "हरणीला कुत्रा दाखवू नको. तिची आई कशी गेली तुला ठाऊक आहे. शब्द मी दिला, हरणीनं नाही. आलो की आण्णांचे पाय धरीन. तिला सांभाळ."

आत्याबाईंनी विचारलं, "काय म्हनतोय?" मी म्हटलं, "खुशाल आहेत."

शब्द मी दिला, हरणीनं नाही. लढाईत, चिखलात कुठंतरी बसून या माणसाला जे कळलं ते मला घरात बसून कळलं नव्हतं. ज्याच्यासाठी मी तिला पणाला लावलं त्यानं तो पण कधीच लावला नसता. तो माझ्यापेक्षा चांगला माणूस आहे हे मला त्या दिवशी समजलं आणि त्याची भीतीच वाटली. मी उत्तर लिहिलं, "पत्र पावले. आपल्या म्हणण्याप्रमाणे केले आहे." लढाईतल्या माणसाच्या जिवाला घोर नको, असं स्वतःला सांगितलं. पत्र टाकलं आणि मग खोटं बोलल्याचीही शिक्षा होईल का, ही नवी धास्ती मागं लागली.

डब्यात दोन चिंचोके उरले असताना, एका सकाळी हरणीनं खाणं टाकलं. थंडी पडली होती, मळ्यात गुऱ्हाळ लागलं होतं आणि काकवीचा वास घरात भरला होता. आत्याबाईंनी गोठ्यात वाकळ अंथरली. हरणी तिथं जाईना. ती भिंतीला घासत, धापा टाकत स्वयंपाकघरात आली, चुलीपुढं बसलेल्या माझ्याजवळ, आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. आत्याबाई म्हणाल्या, "हलू नगंस आता. तिनं तुला निवडलंय."

मी हलले नाही. दुपारपर्यंत माझे पाय बधिर झाले. पहिलं पिल्लू अडलं. हरणी ओरडत नव्हती, नुसती वर माझ्या तोंडाकडं बघत होती, डोळे मोठे करून. आत्याबाईंनी हाताला तेल लावलं, म्हशीचं केलं तसंच केलं, आणि या वेळी म्हशीचं ज्ञान कामी आलं. पहिलं सुटलं. मग दुसरं, तिसरं. ऊन परसातून कलायच्या आत चार पिल्लं. हरणीनं शेवटचं चाटून कोरडं केलं आणि पाणी मागितलं. जगली. मी तिच्या मानेत तोंड खुपसून इतकी रडले की आत्याबाई म्हणाल्या, "अगं, व्याली ती का तू?"

चारांतले तीन नर. महिन्याभरात त्यांची तोंडं लांबली, पाय काठीसारखे झाले. मादी एकच. ती पिवळी, बसकी आणि तिची शेपटी गोल वळलेली. त्या शेपटीकडं बघून आम्हा दोघींच्या तोंडचं पाणी पळालं. पण शब्द मादीचा होता. ती दूध सोडून भाकरी खाऊ लागल्यावर तिला टोपलीत घालून पुन्हा आण्णांकडं गेलो. आण्णांनी तिला उचललं, शेपटी बघितली, मग आमच्याकडं बघितलं. आत्याबाई पुढं झाल्या. "आण्णा, चूक माजी हाय. म्या हिला म्हस समजले."

आण्णा हसायला लागले ते खोकला येईपर्यंत हसले. मग पिल्लाच्या पोटाखाली हात धरून त्याला उन्हात घेऊन गेले, बराच वेळ बघत राहिले. "शब्द मादीचा हुता," ते म्हणाले, "शेपटीचा न्हवता. आईकडनं तर आलीया न्हवं? ऱ्हाऊ दे." नंतर कळलं, त्या बसकीनं चांगली दहा वर्षं आण्णांचा भुईमूग राखला.

लढाई संपली आणि हे आले. आम्ही एक नर ठेवला होता. अंगणात एकट्या हरणीऐवजी दोन लांब तोंडं यांच्याकडं धावली, तेव्हा हे थांबले. माझ्याकडं बघून म्हणाले, "माझं पत्र मिळालं नव्हतं?" मी म्हटलं, "उशिरा मिळालं." माझ्या उत्तरातली ती ओळ त्यांना आठवत असणारच. हरणीच्या कंबरेवरून हात फिरवत म्हणाले, "चला. शब्द फिटला." पुढं पस्तीस वर्षं संसार झाला. हे गेल्यालाही आता पाच वर्षं झाली. का केलं, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

काल शुभा पुन्हा आली. पिंकी कडेवर. मी तिला हे सगळं सांगितलं, लाल ठिपक्यांपासून गोल शेपटीपर्यंत. तारेचंही सांगितलं. ती पिंकीच्या पाठीवरून हात फिरवत ऐकत होती. मग म्हणाली, "पण काकू, शेवटी सगळं चांगलंच झालं की! काका आले, हरणी जगली."

हो, सगळं चांगलं झालं. दोन्ही मिळालं, म्हणून कुणी मला काही विचारलं नाही. पण दोघांतलं एकच मिळेल, असं त्या सकाळी कुणी म्हटलं असतं तर मी हरणी दिली असती. आजही तीच देईन. तिला हे ठाऊक नव्हतं. ती गोठ्यातली मऊ वाकळ सोडून, भिंतीला घासत, माझ्याच मांडीवर येऊन निजली.